गाडी आधी नावावर कर

भाचेबुवा, ट्रेलर घेतलास, छान झालं. आता पूजा आटोपली असेल तर गाडी स्वतःच्या नावावर करून घे. कळंबोलीत जुन्या गाडीचा सौदा फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्यांवर उरकतात. पैसे दिले, किल्ली घेतली, आणि आरसीवर नाव वर्षानुवर्षं पहिल्या मालकाचंच. उद्या कंपनीला त्या इंजिनात खोट सापडली तर पत्र कागदावरच्या माणसाला जाणार. तो ते रद्दीत घालणार, आणि तू भरलेला कंटेनर घेऊन बोरघाट उतरत असणार. कायद्यानं घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मोबाइल नंबरही तुझाच लाव, एजंटचा नको.

इंजिनाची खोट म्हणजे ओढ कमी नि डिझेल जास्त, एवढंच समजू नकोस. हवेचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, पॉवर स्टेअरिंगचा पंपही त्याच्यावरच. घाटात चालतं इंजिन बंद पडलं की एग्झॉस्ट ब्रेक गेला, स्टेअरिंग जड झालं, आणि टाकीत उरलेली हवा मोजक्या ब्रेकांपुरती. घाबरून पायडल सोड-दाब करशील तर तीही संपेल. मग मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात, गाडी कुठं आहे ते बघत नाहीत. म्हणून ब्रेक एकदाच दाबून धरायचा आणि गाडी कडेला घ्यायची. डिझेलची गळती तर त्याहून वाईट. टर्बोच्या तापल्या अंगावर ते उडालं की केबिन पेटायला वेळ लागत नाही.

रिकॉलचा, म्हणजे खोट असलेल्या गाड्या कंपनीनं परत बोलावून दुरुस्त करून द्यायचा, कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. ट्रक-बसच्या बाबतीत त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्के तक्रारी आल्या की सरकार हात घालतं. सक्तीचा रिकॉल लागला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण आपली माणसं काय करतात? उरण फाट्यावर गाडी बंद पडली की ओळखीचा मिस्त्री बोलावतात, पैसे देतात आणि लोड वेळेवर पोचवतात. त्या बिघाडाची नोंद कुठंच नाही. कंपनी मग ‘अशी तक्रारच नाही’ म्हणायला मोकळी, आणि खोटं बोलली असंही म्हणता येत नाही.

अमेरिकेत २०१८ मध्ये कमिन्सनं सुमारे ५ लाख ट्रक परत बोलावले. धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट वेळेआधीच निकामी होत होता, आणि ते उघडकीस आलं कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं रस्त्यावरच्या गाड्या तपासल्या म्हणून. कळंबोलीच्या पार्किंगमध्ये असं कुणी यंत्र घेऊन येईल याची वाट बघत बसू नकोस.

तेव्हा वर्कशॉपात गेलास की जॉब कार्डवर तुझे शब्द उतरवून घे: ‘उतारावर चालतं इंजिन बंद पडलं, किलोमीटर अमुक.’ सुपरवायझर ‘जनरल चेकअप’ लिहून कागद पुढं सरकवेल. त्यावर सही करायची नाही, कितीही घाई असली तरी. कॉपी फाइलला लाव आणि सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलची तक्रारही टाक. मिस्त्रीवर माझा राग नाही, माझं आयुष्य त्यांच्यातच गेलं. पण त्याच्या चिठ्ठीवर टक्का मोजला जात नाही.

बीएस-सिक्स गाडीला युरिया वाचवणारी डबी बसवून देणारे भेटतील. त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. ती डबी एकदा बसली की खोट कंपनीची की डबीची, हे तुला कुठंच सिद्ध करता येणार नाही.

चॅसी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो, मोबाइलमध्ये जपून ठेव. सहा महिन्यांनी एकदा कंपनीच्या साइटवर टाकून बघ. गाडी सात वर्षांवर गेली तरी बघत राहा, कारण कंपन्या आपणहून काढतात ते रिकॉल निराळे. २०१२ पासून वाहन उद्योगानं त्यासाठी स्वतःचा नियम केलाय. रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

आणि पत्र आलंच तर पहिला प्रश्न लेखी विचार: गाडी चालवू की उभी करू? ‘पार्ट यायला वेळ आहे, तोवर चालवा’ म्हणाले, तर तेही त्यांच्याकडून लिहून घे. मग तोवर न्हावाशेवा ते तळोजा असे सपाटीचे फेरे मार. पुण्याचा लोड दुसऱ्याला दे, भाडं बुडालं तरी.