आवाज कानात कसा शिरतो

क्रांती चौकात शिवजयंतीला ढोल वाजतात. वाजत्या ढोलाच्या चामड्याला हलकेच बोट लावून बघा. चामडे थरथरते. ही थरथर शेजारच्या हवेला धक्का देते, ती हवा पुढच्या हवेला. हवा जागच्या जागी हलते. धक्का मात्र पुढे जातो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणून लांबच्या ढोलावर काठी पडलेली आधी दिसते, आवाज मागून येतो.

आपल्या कानात पातळ पडदा आहे. धक्क्याने तोही थरथरतो. पडद्यामागची तीन इवलीशी हाडे ती थरथर आत पोचवतात. आत शंखासारखी नळी आहे. तिच्यात पाण्यासारखा द्रव असतो, आणि बारीक केस असलेल्या पेशी. त्या मेंदूला खबर देतात, तेव्हा आपल्याला ऐकू येते.

या पेशी फार नाजूक. मोठ्या आवाजाने मरतात, आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरचे केस बरे, कापले तरी वाढतात! मिरवणुकीहून आल्यावर कानात शिट्टी वाजते ना? ती पेशींना मार बसल्याची खूण.

तेव्हा लेकराला खांद्यावर घेऊन कर्ण्यापुढे उभे राहू नका. मागे सरा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले, की आवाजाचा जोर पावच उरतो.