डेटा हातात आल्याशिवाय सिनॉप्सिस देऊ नका

माझी पीएचडी झाली, पण राग गेलेला नाही. लोहारा, उमरगा, औसा भागातली मुलं आता पृथ्वीविज्ञानाकडे वळू लागलीत, विचारायला माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी एकदाच सगळं लिहून ठेवते.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या लोहारा तालुक्यातल्या घराघराला पाठ आहे. 6.2 तीव्रतेच्या त्या धक्क्यात सास्तूर उद्ध्वस्त झालं. पुढे किल्लारीला 617 मीटर खोल विंधन घेतलं, तेव्हा 338 मीटर काळ्या पाषाणाचा थर ओलांडल्यावर त्याखालचा प्राचीन खडक गाठता आला. बारीक धक्के आणि जमिनीतले आवाज या भागात अधूनमधून अजून जाणवतात. पावसाळ्यात भेगांमध्ये मुरणाऱ्या पाण्याच्या दाबाचा या धक्क्यांशी काही संबंध आहे का, हा माझा प्रश्न होता. पाऊस, भूजल आणि खडक एकत्र तपासायचे, म्हणून पृथ्वी प्रणाली विज्ञान.

माझे गाईड असलेले सर म्हणाले, "भूकंपमापकाच्या नोंदींचं माझ्यावर सोडा. संस्थेशी माझं बोलणं झालंय." त्या शब्दावर संशोधन मान्यता समितीत (आरआरसी) विषय मंजूर झाला. मग सुरू झालं: पत्र गेलंय, साहेब रजेवर आहेत, मार्चनंतर बघू. तोवर त्यांच्या प्रकल्पाचे अहवाल मी लिहायचे, त्यांच्या पेपरांचे आलेख मी काढायचे, एम.एस्सी.चे तासही मीच घ्यायचे.

शेवटी मी स्वतःच भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या संस्थेत गेले. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी माझ्या नोंदणीच्या वर्षापासूनची रजिस्टरं समोर ठेवली. आम्ही एकेक पान उलटत गेलो. सरांच्या नावाचं एकही पत्र नव्हतं. त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, अर्ज एका पानाचा आहे. तुम्हीच भरा की." तिथल्याच बाकावर बसून भरला. हात थरथरत होते. एका पानासाठी माझी उमेदीची वर्षं गेली होती.

परत येऊन विचारलं, तर सरांचा आवाज चढला. "विश्वास नसेल तर गाईड बदला!" पुढच्या प्रगती अहवालावर शेरा पडला: "विद्यार्थिनीकडून पाठपुरावा नाही." पाठपुराव्याचे सगळे ईमेल मी सल्लागार समितीपुढे ठेवले, तेव्हा तो शेरा काढावा लागला. सर एका शब्दानं काही बोलले नाहीत.

आता तुमच्यासाठी.

सिनॉप्सिस देण्याआधी निदान वर्षभराचा डेटा स्वतःच्या संगणकावर उघडून बघा. धक्क्यांची यादी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर मिळते. पण यादी वेगळी आणि तरंगांची मूळ नोंद वेगळी. ती मिळेल का, हे आधी लेखी विचारा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. त्यावरून आठवड्यागणिक संबंध दाखवू असं लिहाल तर तोंडघशी पडाल. प्रश्नच ऋतूगणिक मांडा. पाणीसाठ्यातला बदल टिपणाऱ्या ग्रेस उपग्रहांचे आकडे फुकट मिळतात, पण त्यांची नजर काहीशे किलोमीटरची. लोहारा तालुका त्यात वेगळा दिसत नाही. हवामान विभागाचा 1901 पासूनचा चौकटीनिहाय पाऊस मात्र बिनधास्त घ्या.

यूजीसीची 2022 ची नियमावली स्वतः वाचा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. दर सत्रात सल्लागार समितीपुढे मांडणी करावी लागते. डेटा अडलाय हे तिथंच बोला आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, तेही विभागाबाहेर. विभागात कोणी खरं बोलत नाही.

आणि गाईडशी काहीही ठरलं की त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज आपलं असं असं ठरलं. आमच्या सरांना या ईमेलचा फार राग यायचा. नोंदणीआधीच असा एक ईमेल पाठवून बघा. ज्यांना तो खटकेल, त्यांच्याकडे नोंदणी करू नका.