न्यायालयाचे बोलावणे

मुलांनो, पोलीस न्यायालयाचा कागद घेऊन दारात आला, की घरातील माणसे घाबरतात. "आपण कोणता गुन्हा केला?" असे एकमेकांना विचारतात. पण असा कागद फक्त आरोपीलाच येतो असे नाही. ज्याने घटना पाहिली, त्यालाही तो येतो. उर्दूत ज्याला आपण गवाह म्हणतो, तोच मराठीतील साक्षीदार.

या कागदाला समन्स म्हणतात. त्यावर न्यायालयाचा शिक्का असतो. कोठे, कोणत्या तारखेला व किती वाजता हजर राहायचे, हे त्यात लिहिलेले असते. ज्याच्या नावाचे समन्स आहे तो शोधूनही सापडला नाही, तर ते घरातील प्रौढ व्यक्तीकडे देता येते. १९७३ च्या कायद्यात ही व्यक्ती पुरुषच असावी, अशी अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती अट नाही. आता आईही समन्स घेऊ शकते.

समजा, रस्त्यावर मारामारी झाली आणि पोलिसांनी भलत्याच तरुणाला पकडले. खरा मारणारा एका फळवाल्याने पाहिला आहे. तरुणाच्या वकिलाच्या अर्जावरून न्यायालय फळवाल्याला समन्स पाठवते. "एक दिवस धंदा बुडेल," म्हणून तो जात नाही. खटल्याची तारीख पुढे जाते. फळवाल्याची एका दिवसाची कमाई वाचते. पण निर्दोष तरुण तुरुंगातच राहतो.

म्हणूनच हजर राहणे हे कायद्याने कर्तव्य ठरवले आहे. योग्य कारणाशिवाय न येणाऱ्या साक्षीदारावर न्यायालय वॉरंट काढू शकते. जाणूनबुजून न गेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा साक्षीदाराची अडचणही जाणतो. आजारपण असेल, तर तारखेच्या आधी न्यायालयाला लेखी कळवावे. येण्याजाण्याचा योग्य खर्च देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. कोणी धमकावत असेल, तर संरक्षण मागता येते. त्यासाठीची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली.

न्यायालयात शपथ घेऊन, जे पाहिले तेवढेच सांगावे. आठवत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

महाराष्ट्रात समन्स पुष्कळदा मराठीत असते. घरातील मोठ्यांना ते वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. तारीख नीट सांगा. तुमचे मराठी त्या दिवशी कोणाच्या तरी न्यायासाठी उपयोगी पडेल.

शब्दार्थ
साक्ष – गवाही
निर्दोष – बेगुनाह
प्रौढ – बालिग
कर्तव्य – फर्ज
तुरुंग – कैदखाना

स्वाध्याय
१. समन्समध्ये काय लिहिलेले असते?
२. फळवाला न गेल्यामुळे कोणाचे नुकसान झाले?
३. साक्षीदार आजारी असल्यास त्याने काय करावे?
४. 'साक्ष' व 'कर्तव्य' या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.