भाकरीबरोबर काय असावे?

दानीएल व त्याचे सोबती ह्यांनी बाबेलच्या राजवाड्यात दहा दिवस शाकान्न व पाणी एवढ्यावरच राहून पाहिले, हा वृत्तान्त वाचकांस ठाऊक आहे. त्यावरून मांस न खाणारा अधिक पवित्र, असे कोणी शिकवील तर ते चूक होय. भाजीपाला खाणारा व सर्व काही खाणारा ह्यांनी एकमेकांस दोष लावू नये, असे रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात सांगितलेच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. कोणी स्वेच्छेने, तर पुष्कळजण नाइलाजाने, बहुतेक दिवस भाकरी, कालवण व ठेचा ह्यांवरच राहतात. त्या अन्नाने शरीराचे पोषण कसे व्हावे?

ज्वारी व बाजरी ह्यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक थोडा असतो. तो तूर, मूग, मटकी, हरभरा व कुळीथ ह्यांत भरपूर आहे. ह्यांत जे उणे पडते ते धान्य भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही, दिवसभरात पोटात गेली म्हणजे झाले. मात्र बाळास वरणाचे वरचे पाणी पाजून डाळ मोठ्यांस वाढण्याची रीत काही घरी आढळते, ती सोडावी. पोषण डाळीत आहे.

रक्ताविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण लोहाच्या उणिवेने स्त्रियांची फार हानी होते. कडधान्ये व पालेभाज्या ह्यांत लोह असते खरे, परंतु वनस्पतींतील लोह शरीर सहजासहजी घेत नाही. धान्याच्या कोंड्यात व कडधान्यांत फायटिक आम्ल असते, ते लोहास अडवून धरते. मटकी भिजवून मोड आणले की ते कमी होते. उसळीवर लिंबू पिळावे, अथवा जेवणात आवळा किंवा पेरू असावा; त्यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. चहा ह्याच्या उलट करतो. जेवून उठताच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासाभराने घ्यावा. पण सर्वांचे आटोपल्यावर घरच्या बाईस पातेल्याच्या तळाचे पाणीच उरत असेल, तर लिंबू तरी कशावर पिळणार? उपदेशकांनी हे प्रथम आपल्या घरी पाहावे. जिला धाप लागते व जिचे डोळे, नखे पांढुरकी दिसतात, तिला दवाखान्यातच न्यावे. तेथे गोळ्या मिळतात.

नाचणीच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120. नाचणीची भाकरी हे गरिबाचे अन्न म्हणून तिची लाज का वाटावी, हे आम्हांस कळत नाही. पालेभाजी थोड्या तेलात करावी, म्हणजे तिच्यातील डोळ्यांस उपयोगी अंश शरीरास मिळतो.

एक उणीव मात्र कोणत्याही भाजीने भरून येत नाही. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस ह्यांत असते. जे दूधही घेत नाहीत, त्यांनी ब-12 ची गोळी वैद्याच्या सल्ल्याने नियमाने घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी तर ह्यात हयगय करू नये, कारण मातेची उणीव बाळासही बाधते. हातापायांस मुंग्या येऊ लागल्यावर पुष्कळजण तेल चोळीत महिने काढतात. तसे न करता रक्त तपासून घ्यावे, कारण उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.