सहा ध्वनिवर्धक आणि दोन कान

विमानाचा आवाज ऐकून आवाजाच्या दिशेला पाहावे, तर विमान तिथे नसते. ते बरेच पुढे गेलेले असते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यामुळे ओझरच्या मुलांना हा चकवा चांगला ठाऊक आहे. आधी मिग होती, नंतर सुखोई आली, चकवा तोच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. १,००० मीटर उंचीवरून तो खाली येईपर्यंत ३ सेकंद जातात. तेवढ्यात सेकंदाला २०० मीटर जाणारे विमान ६०० मीटर पुढे सरकते.

कान मात्र चुकलेले नसतात. ध्वनी जिथून निघाला, तीच दिशा ते दाखवतात. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू बाजू ओळखतो!

घरच्या संगणकाला सहा ध्वनिवर्धक जोडतात ते याच कानांसाठी. एक समोर मधोमध, संवादांसाठी. दोन समोर डावी-उजवीकडे ३० अंशांवर, दोन किंचित मागे ११० अंशांवर. सहावा खर्जाचा. ८० कंपनांच्या खर्जाची तरंगलांबी चार मीटरांहून अधिक असते. अशा आवाजाची दिशा खोलीत कळत नाही, म्हणून तो कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

आता समजा, मागचे दोघे गप्पच आहेत. तार तपासण्याआधी हिशेब करा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, वाहिन्या सहा: गुणाकार ४६,०८,००० बिट. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल पद्धतीने हेच काम ४,४८,००० बिटांत भागते. मिक्सर चालू असताना घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही ना? तसे जे ऐकूच येणार नाही, त्यावर बिट खर्च करायचे नाहीत. ही आवळाआवळ करणारा आणि पुन्हा उलगडणारा तो कोडेक. उलगडणारा संगणकात नसेल, तर चित्र दिसते आणि आवाज नाही. व्हीएलसीसारखा प्लेअर बहुतेक कोडेक बरोबरच आणतो. तरीही मागे शांतता असेल, तर संगणक ‘स्टिरिओ’वर राहिला असण्याचा संभव आहे, मग सहा वाहिन्या दोनांत मिसळतात. ‘५.१’ निवडा.

माझी फजिती निराळी झाली. पुढचे ध्वनिवर्धक खुर्चीपासून २.४ मीटरवर होते, मागचे जागेअभावी १ मीटरवर. चित्रपटातला सगळा पाऊस माझ्या मानेमागेच पडू लागला! एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, की मेंदू आधी आलेल्याची दिशा धरतो. इथे फरक १.४ मीटरचा, भागिले ३४०, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. मागचा आवाज तेवढाच उशिरा सोडायला हवा. सभोवार ध्वनीच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांत अंतरे भरली, की ही वजाबाकी यंत्रच करते. तशी सोय नसेल, तर खुर्ची सरकवा. दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद, हे लक्षात ठेवून दोरीने मोजा.