बिनटॅगची गाय

मी गाईंना लस टोचून घेतली म्हणून गावात लम्पी, हा गुरांचा गाठींचा आजार, आली, असं आमच्या फळियात, म्हणजे वस्तीत, आजही बोललं जातं. तोंडावर कोणी म्हणत नाही. दूध मंडळीच्या, म्हणजे दूध सोसायटीच्या, ओट्यावर मी पोचलो की गप्पा पावसाकडे वळतात, एवढंच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. ज्यांना पटायचं नाही त्यांना असंही पटणार नाही, पण निदान पुढच्या माणसाची गाय वाचेल.

आम्ही मूळचे बडोद्याच्या वाडीतले. पाद्र्याच्या बाजूला वडिलांनी घेतलेली थोडी जमीन आहे. निवृत्तीनंतर तिथे मी गोठा घातला, तीन गाईंचा. चौथी घ्यायची हौस २०२२च्या जुलैत झाली. तेव्हा कच्छ, जामनगर, द्वारकेकडून रोज लम्पीच्या बातम्या येत होत्या. मेलेल्या जनावरांचे फोटो मोबाइलवर मीही पाहत होतो. पण ते ‘तिकडचं’ होतं. बडोदा आणि कच्छ यांच्यामध्ये केवढं अंतर, असं मला वाटायचं. टेम्पोला ते अंतर एका रात्रीचं असतं.

दलालाने गीर गाय दाखवली ती फोटोत. दुसऱ्या वेताची, नऊ लिटर दूध, बावन्न हजार. ‘आणंदजवळच्या ओळखीच्या घरची आहे,’ म्हणाला. गाय आली रात्री दोन वाजता. रात्रीच का, हे मी विचारायला हवं होतं. अंगभर तेल आणि हळद चोपडलेली. ‘माखी न बेसे एटले,’ माश्या बसू नयेत म्हणून, हे त्याचं उत्तर. डाव्या कानाला भोक होतं, पिवळा टॅग नव्हता. ‘रस्त्यात दोरीत अडकून तुटला.’ हेही मी ऐकून घेतलं. पैसे मोजून दिले, वर त्याला चहा पाजला. चहाचं आठवलं की अजून अंगाची लाही होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला कोमट पाण्याने धुवायला घेतलं. तेल निघालं तसा हात मानेवरून खाली आणत होतो, तर केसांखाली काहीतरी खरखरीत लागलं. बोटाने चाचपलं. सुपारीएवढी गोल खपली, भोवतालचे केस कात्रीने कापलेले. मग दुसरी. मग पोटाकडे, कासेजवळ, मांडीच्या आत. अकरा मोजल्या आणि पुढे मोजायचं थांबलो. सौ. बादली घेऊन उभी होती, तिने विचारलं, ‘काय झालं?’ मला बोलताच येईना. खपल्या वाळलेल्या होत्या. माझ्याकडे येऊन चार दिवस झाले होते आणि गाठ उठून ती फुटून तिच्यावर वाळलेली खपली धरायला आठवडे लागतात. म्हणजे ती माझ्याकडे आजारी पडली नव्हती, आजार काढून आली होती. कात्री कोणी चालवली, ते सांगायला नको.

दलालाला फोन केला तर म्हणतो, ‘कंई नथी, माखी करडी हशे.’ काही नाही, माशी चावली असेल. दुसऱ्यांदा केला तर उचलला नाही.

१९६२ या पशू हेल्पलाइनला फोन केला, सरकारी डॉक्टर सकाळी आले. बघताक्षणी त्यांनी विचारलं, ‘टॅग कुठाय?’ त्या बारा आकडी नंबरावर जनावराची नोंद असते, कुठल्या गावची आणि कोणत्या लशी झाल्या ती. टॅग निघाला की जनावराचं गावच पुसलं जातं. मी चाळीस वर्षं कारकुनी केली, कागद नसलेली फाइल कधी पुढे सरकवली नाही. आणि गाय मात्र बिनकागदाची गोठ्यात बांधली, तीही बाकीच्यांच्या शेजारी, एकाच गव्हाणीला.

माझ्या आग्रहावरून उरलेल्या तिघींना त्याच दिवशी लस दिली. शेळ्यांच्या देवीची लस, तीच तेव्हा सगळीकडे वापरत होते. डॉक्टरांनी प्रत्येकीला नवी सुई घेतली आणि स्पष्ट सांगितलं, ‘अंगात ताकद यायला तीन आठवडे लागतात, आधीच विषाणू शिरला असेल तर ही थांबवणार नाही.’ हे शेजाऱ्यांसमोर सांगितलं होतं. लशीनंतर आठव्या दिवशी होल्स्टीन संकर गाईला ताप चढला, एकशे पाच. दोन दिवसांत मान, खांदे, पाय गाठींनी भरले, पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला. नऊ लिटरवरून दूध दीड लिटरवर. लगेच सुरू झालं: ‘लस टोचली म्हणून आली.’

अहो, लस शेळीच्या देवीच्या विषाणूची, मेंढ्या-शेळ्यांच्या देवींची आणि लम्पीची जात एकच, म्हणून तिचा उपयोग होतो. पण शेळीच्या लशीतून लम्पी उगवत नाही. विषाणू घेऊन आलेली माशी चावल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण चार ते चौदा दिवस जातात. माझ्या गाईला माशी चावली ती लशीची ताकद यायच्या आधी, बहुधा त्या चार रात्रींत. हिशेब मांडला तर पाचवीतल्या मुलालाही कळेल. मंडळीच्या मंत्र्याला, म्हणजे सेक्रेटरीला, कळला नाही.

त्या संकर गाईचं दोन महिन्यांचं वासरू ताप आल्यापासून नवव्या दिवशी गेलं. घशात गाठी आल्या होत्या, गिळता येईना. शेताच्या कोपऱ्यात खोल खड्डा करून चुना टाकून पुरलं. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

मध्येच एक ‘डॉक्टर’ येऊन गेले. डिग्री कोणी पाहिलेली नाही, पण फळियात मान मोठा. एकच सिरिंज, एकच सुई, तीन गोठे, सगळीकडे अँटिबायोटिक. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, जखमा चिघळू नयेत म्हणून ते उपयोगी पडतं, हे मला सरकारी डॉक्टरांकडून कळलं. आणि एकाची सुई दुसऱ्याला टोचणं म्हणजे माशीचं काम आपण करणं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दारातून परत पाठवलं. तेव्हापासून मी ‘भणेला’, म्हणजे शिकलेला शहाणा, ठरलो.

आता कामाचं सांगतो. नवं जनावर आणलं की चार आठवडे वेगळं बांधा, दूर, वेगळ्या बादलीने. जागा नसेल तर घेऊ नका. अंगाला तेल-हळद लावलेलं जनावर आधी धुऊन मगच बघा, आणि उजेडात. टॅग नंबर घेऊन दवाखान्यात विचारा. लस पावसाळ्याच्या आधी, आजार गावात यायच्या आधी. मी ती शेवटी केली, तुम्ही ती पहिली करा.

साधा थर्मामीटर दोनशे रुपयांच्या आत येतो. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, गाठी दिसायच्या एक-दोन दिवस आधीच ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी येतं. तेवढ्यात जनावर बाजूला काढलं तर गोठा वाचू शकतो.

माश्यांचं म्हणाल तर घरातल्या माशीसारखी दिसणारी पण पायाला चावणारी एक माशी असते. गाय सारखी पाय आपटत असेल तर समजा तीच. ओल्या शेणात कुजका कडबा मिसळला की ती तिथे वाढते. मी फवारे मारत राहिलो आणि गव्हाणीमागचा ढीग तसाच ठेवला, हा माझाच मूर्खपणा. ढीग रोज हलवा, मूत साचू देऊ नका, भिंतींच्या भेगांत चुना भरा, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर, जमलं तर मच्छरदाणी. गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारूनच, मात्रा चुकली तर वासरावर उलटतं.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा घरगुती इलाजही मी केला: नागवेलीची दहा पानं, दहा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मीठ वाटून गुळात. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी. विषाणू गेला असं म्हणणार नाही, पण संकर गाय खायला लागली.

आणि कृपा करून दुधाची अफवा पसरवू नका. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. आमच्या घरचं दूध शेजाऱ्यांनी बंद केलं ते दिवाळीपर्यंत. आम्ही रोज तेच पीत होतो, माझा नातूही.

ऑगस्टात मामेभावाचा फोन आला, जळगावकडे रावेर तालुक्यात चिनावलला लम्पी सापडली म्हणून. त्याला पहिलं विचारलं, जनावर विकत घेतलंयस का? म्हणाला, उद्या घ्यायला निघालो होतो. थांबवला. पुढे महाराष्ट्राने जनावरांचे बाजार बंद केले, मेलेल्या दुभत्या गाईमागे तीस हजार आणि वासरामागे सोळा हजार देऊ केले. ते वर्तमानपत्रात वाचून मी पान उलटलं.

गीर गाय आहे अजून. चामडीवर डाग राहिले, त्या जागी केस आले नाहीत. दूध नऊ नाही, पाच लिटर. तिला नवा टॅग लागला, जुन्या भोकाच्या जरा वर. दलाल गेल्या नवरात्रीत रस्त्यात भेटला, मोटरसायकल थांबवून ‘जय श्री कृष्ण, काका’ म्हणाला, आणि लगेच, एक कांकरेज गाय आहे, बघायची का. मी टॅगचा नंबर मागितला. म्हणाला, पाठवतो. अजून आलेला नाही.