तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला नव्हे

पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात ही केवळ दिसण्याची बाब नाही. अशा दातांच्या फटीत अन्न अडकते, स्वच्छता नीट होत नाही आणि खेळताना पडल्यास पुढचे दात मोडण्याचा धोका अधिक असतो. दात सरळ करण्याचा उपचार आज सर्वपरिचित आहे. परंतु त्याला लागणारा काळ व चिकाटी यांची कल्पना पालकांना आरंभीच असणे अगत्याचे आहे. धाराशिव जिल्ह्यातील ईट (तालुका भूम) यासारख्या गावातून तज्ज्ञाकडे जाण्यासाठी बहुधा शहर गाठावे लागते. म्हणून तेथे तर हा विचार आधीच व्हावयास हवा.

दात कसा सरकतो?

तारेचा मंद दाब दातावर पडला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते व विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते. ही क्रिया सावकाश चालते. जोर वाढवून ती लवकर उरकता येत नाही. उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात आणि दर ४ ते ६ आठवड्यांनी तपासणीस जावे लागते. मुलीचे लग्न तोंडावर आले असता चार महिन्यांत दात सरळ होतील, ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ ठरते.

उपचारकाळातील दक्षता

तारा बसविल्यावर पहिले तीन ते पाच दिवस दात ठणकतात. त्या काळात भाकरी वरणात कुस्करून खावी. ऊस दाताने सोलणे, फुटाणे व चिक्की मात्र उपचार संपेपर्यंत वर्ज्य समजावी. प्रत्येक जेवणानंतर दात न घासल्यास तारांभोवती पांढरे डाग पडतात व पुढे कीड लागते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी ही अडचण डॉक्टरांना आरंभीच सांगावी. तपासणीविना तोंडात राहिलेल्या तारा हितापेक्षा अपायच अधिक करतात.

तारा निघाल्यानंतर

खरी कसोटी येथेच लागते. हिरड्यांतील तंतूंना नव्या जागी स्थिरावण्यास सुमारे वर्ष लागते. तोवर ते दातांना मागे ओढत राहतात. यासाठी दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे ‘रिटेनर’, दिली जाते. ती प्रथम काही महिने जवळजवळ दिवसभर व नंतर रात्री, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे वापरावी. ती गरम पाण्याने धुऊ नये, आकार बिघडतो. हरवल्यास त्वरित नवी करून घ्यावी. येथे हयगय झाल्यास दोन वर्षांचे श्रम व पैसा वाया जातो.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

दुधाचे दात किडून अकाली पडले, की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दातांना वाव उरत नाही. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांचे दात एकदा तपासून घ्यावेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, तेव्हा शिक्षकांनी अशी मुले आवर्जून दाखवावीत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या उपचाराचे स्वतंत्र विभाग आहेत, ही माहिती ग्रामसभेत द्यावी. तारा लावलेल्या मुलास वर्गात कोणी चिडविणार नाही आणि तपासणीच्या दिवशी त्यास रजा मिळेल, एवढे पाहिले तरी अर्धवट सुटणारे अनेक उपचार पूर्णत्वास जातील.